शिवधनुष्य आणि दोन सुताची एलन की

प्रस्तावना

मराठीत कुणी आवाक्याबाहेरचं काम अंगावर घेतलं की त्यानं शिवधनुष्य उचललं असं आपण म्हणतो. जनकाच्या दरबारातलं ते धनुष्य कुणाच्याच मापाचं नव्हतं. ज्याला पेललं तो वर ठरला, बाकीचे राजे माना खाली घालून आपापल्या गावी परतले. धनुष्याबद्दलची आपली सगळी समजूत या एका गोष्टीवर उभी आहे. धनुष्य बदलणार नाही, माणसानंच त्याच्या तोलाचं व्हायचं.

ही पुस्तिका ज्या धनुष्याबद्दल आहे त्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. कंपाउंड धनुष्याचा मधला धातूचा भाग म्हणजे राइजर. त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला जिथे लिंब, म्हणजे धनुष्याचे वाकणारे हात, बसवलेले असतात, तिथे एकेक जाड बोल्ट असतो. तो घड्याळाच्या दिशेनं पिळला की धनुष्य ओढायला जड होतं, उलटा फिरवला की हलकं. जनकाच्या धनुष्याला असे दोन बोल्ट असते तर ते स्वयंवर फारच लांबलं असतं.

पण हे सगळं तो बोल्ट फिरला तर. बऱ्याचदा तो फिरत नाही, आणि निम्मी पुस्तिका त्या न फिरणाऱ्या बोल्टावरच आहे. लेखकांनी मला प्रस्तावना लिहायला सांगितली ती मी तिरंदाज आहे म्हणून नव्हे. आयुष्यात मी एकही बाण सोडलेला नाही. असा एक बोल्ट मी स्वतःच्या हातानं वाया घालवला, एवढीच माझी पात्रता.

मी भोपाळला जवाहर चौकाजवळ राहतो, तात्या टोपे नगरात. येवल्यात जन्मलेल्या आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला फासावर गेलेल्या या सेनानीचं नाव इथे लोक दोन अक्षरांत उरकतात: टीटी नगर, टीटी नगर स्टेडियम. शेजारच्या एका पोराला विचारलं तर त्याला टीटी म्हणजे टेबल टेनिस वाटत होतं. स्मार्ट सिटीच्या कामात आमच्या भागातली जुनी सरकारी क्वार्टर्स पाडली गेली, रस्ते रुंद झाले, पण चौकाच्या आसपास हार्डवेअरचं दुकान शोधावं लागत नाही. मी भेलच्या कारखान्यात चौतीस वर्षं जोडणीच्या कामात होतो. नट-बोल्ट म्हटलं की मला कुणी काही शिकवू नये अशी माझी समजूत होती. निवृत्त माणसाच्या ज्या काही समजुती असतात त्यांतली ही सगळ्यांत महाग पडली.

माझी नात कंपाउंड खेळते. तिचं धनुष्य कुणीतरी वापरून विकलेलं, कमाल ६० पाउंडांचं, आणि ते ५५ वर लावलेलं होतं. त्या वर्षी तिला टायफॉइड झाला. उठली तेव्हा हातात काठीएवढंही बळ नव्हतं. तिच्या प्रशिक्षकांनी निरोप पाठवला की पाउंडेज, म्हणजे ओढायचा भार, ५० वर आणा आणि मगच तिला मैदानावर पाठवा. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना. खिशात होती ती सहा मिलिमीटरची एलन की बोल्टाच्या डोक्यात घातली. जराशी सैल बसली, पण बसली. फिरवायला गेलो तर बोल्ट ढिम्म. मग कीला पाइप लावला. नात मागून म्हणत होती, "आजोबा, जोर नका लावू ना." मी जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला आणि की गर्रकन फिरली. बोल्ट जागच्या जागी होता. त्याच्या डोक्यातले सहा कोपरे तेवढे गोल झाले होते.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या दुकानात गेलो. दुकानदारानं माझं म्हणणं अर्ध्यावर तोडून एकच प्रश्न विचारला, "बाबूजी, सूत में चाहिए कि एमएम में?" आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपले सुतार, लोहार, फिटर पिढ्यान्‌पिढ्या या मापात बोलत आलेत. अमेरिकेत बनलेली बहुतेक धनुष्यंही इंचातच बोलतात. माझ्या हातातला बोल्ट पाव इंचाचा, म्हणजे दोन सुताचा होता. मिलिमीटरमध्ये ते ६.३५ होतं. सहाची की त्यात जाते, पण ०.३५ मिलिमीटरची मोकळीक राहते. तेवढी फट पुरते. सगळा भार कोपऱ्यांच्या टोकांवर येतो आणि ते झिजतात. दीड सुताच्या, म्हणजे ३/१६ इंचाच्या बोल्टातही हाच सापळा आहे. तो भरतो ४.७६ मिलिमीटर. पाचची की आत शिरत नाही, साडेचारची ढिली बसते आणि कोपरे खाते. म्हणून नवं धनुष्य घरी आलं की पहिल्यांदा त्याची मापं सुतात आहेत की मिलिमीटरमध्ये हे विचारा, आणि त्या मापाच्या चांगल्या पोलादाच्या किल्ल्या धनुष्याच्याच पेटीत ठेवा.

माझी खरी चूक मात्र कीच्या मापाची नव्हती. बोल्ट का फिरत नाही हे मी त्याला विचारलंच नाही. लेखकांनी या पुस्तिकेत मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट केली आहे ती ही, की "घट्ट बोल्ट" हा एकच आजार मानलेला नाही. बोल्ट कुलूपबंद असू शकतो. अनेक धनुष्यांत लिंबाच्या खोबणीच्या बाजूला एक बारीक लॉकिंग स्क्रू असतो; बाण सोडताना बसणाऱ्या हादऱ्यांनी मोठा बोल्ट हळूहळू फिरू नये म्हणून तो दाबून धरतो. आधी हा सैल करायचा, मग मोठ्याला हात लावायचा. मी तो पाहिलाच नव्हता. पाइप लावून मी कुलूप न काढता दार उघडत होतो.

कधी बोल्ट जाम नसतो, नुसता ओझ्याखाली असतो. कंपाउंड धनुष्य भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं तेव्हाही विश्रांती घेत नसतं. लिंब वाकलेले असतात, दोरी आणि केबली ताणलेल्या असतात, आणि तो सगळा ताण शेवटी लिंबाच्या मुळाशी, त्या बोल्टापाशी येऊन थांबतो. लिंब हा तिथे तरफेसारखा बसलेला असतो: लांब बाजूला टोकाचं चाक म्हणजे कॅम आणि दोरी, आखूड बाजूला बोल्ट. तरफेचा हिशेब शाळेत केलेल्यांना बोल्टावर किती पट भार येत असेल हे सांगायला नको. भरलेल्या ट्रकखालचा जॅक फिरवताना जसा रेटा द्यावा लागतो तसाच इथे लागतो. बोल्ट बाहेर यायला लागला की लिंबाचं मूळ वर सरकतं, वाक कमी होतो, पाउंडेज उतरतं. आत गेला की उलट. म्हणजे पाउंडेज वाढवताना बोल्ट अधिकाधिक कडक होत जाणं हे त्याच्या कामाचंच लक्षण आहे, दोष नाही.

आणि कधी तो खरोखरच धरलेला असतो. राइजर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, बोल्ट पोलादी. दोन वेगळे धातू, त्यांच्यात हाताचा घाम आणि पावसाळ्यातली दमट हवा. दोन-तीन वर्षं बोल्टाला कुणी हात लावला नाही की आट्यांमध्ये पांढरी भुकटी साचते. ती ॲल्युमिनियमचा गंज असते. गंजाला मूळ धातूपेक्षा जागा जास्त लागते, म्हणून ती आट्यांना आतून आवळते. कोरडे आटे एकमेकांवर घासून सालपटं निघाली तरी असंच होतं. मराठीत हे सांगायला किती नेमके शब्द आहेत पाहा: आटे बसले, आटे धरले, आटे गेले. शेवटचा माणसांनाही लागू पडतो. इथे भोपाळमध्ये घरात आटे आणि दुकानात गेलो की "चूड़ी" अशी आमची कसरत चालते. चूड़ी म्हणजे बांगडी. शब्द सुरेख आहे, पण बांगडी वाढवतात आणि आटा मात्र तुटतो.

माझ्या नातीच्या धनुष्यावर पुढे एका जाणत्या माणसानं हात फिरवला. त्यानं ते बो प्रेसमध्ये धरलं, लिंब दाबून दोरीवरचा ताण उतरवला, लॉकिंग स्क्रू सैल केला आणि मी पाइप लावून न हलवलेला बोल्ट झिजलेल्या डोक्यासकट जवळजवळ बोटांनीच काढला. खालचा बोल्ट मात्र खराच धरलेला होता. त्याच्या आट्यांत पीठ सांडल्यासारखी भुकटी होती. त्यानं ब्रशनं आटे साफ केले, आट्यांना आणि डोक्याखालच्या वॉशरला ग्रीसचा पातळ हात दिला, लिंबावर आणि दोरीवर थेंबभरही जाऊ दिलं नाही. वॉशरचं कुणाच्या लक्षात येत नाही. बोल्ट फिरताना निम्मं घर्षण त्याच्याच तोंडाशी होत असतं. मी गॅसच्या टॉर्चनं थोडी ऊब द्यावी का असं विचारलं. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी कारखान्यात नव्या पोरांकडे बघायला वापरायचो. लिंब काचतंतू किंवा कार्बन आणि राळेचा असतो. ऊब बोल्टापर्यंत पोचण्याआधी लिंबाचा निकाल लागतो.

नवा बोल्ट मिळायला साडेतीन आठवडे लागले. तो मिळण्याच्या आठवडाभर आधी, धनुष्य तसंच ५५ वर असताना नात हट्टानं मैदानावर जाऊन आली होती, कारण जिल्ह्याची निवड जवळ आली होती. खांदा दुखावला. पुढचा दीड महिना धनुष्य ५० वर तयार होतं आणि ती नव्हती.

या पुस्तिकेची मला एवढी निकड का वाटते ते यात आलं. कंपाउंडचं सगळं शहाणपण धनुष्य माणसाच्या मापाचं करण्यात आहे, आणि ते शहाणपण दोन बोल्टांवर टांगलेलं आहे. बोल्ट धरले की कुणी धनुष्य बदलत नाही, मूल बदलतं. ते पाठीतून वाकून, हात आकाशाकडे नेऊन, खांदा कानाला लावून ओढायला शिकतं. प्रशिक्षक महिनोन्‌महिने "खांदा खाली" म्हणून ओरडत राहतात. दोष खांद्यात नसतो. मी आता कुठल्याही मैदानावर गेलो की आधी मुलांच्या हातांकडे नाही, बोल्टांकडे बघतो. ज्यांच्या डोक्यांवर धूळ बसलेली असते त्यांच्या मालकांचा खांदा साधारण वर असतो.

हिशेब करून पाहा. पात्रता फेरीत ७२ बाण असतात. जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे कंपाउंडला ६० पाउंडांची कमाल मर्यादा आहे, म्हणजे २७ किलोंच्या थोडं वर. ती पूर्ण वापरणारा एका फेरीत साधारण १,९६० किलो ओढतो. सरावाचे बाण यात धरलेले नाहीत. त्यातले पाच पाउंड कमी केले तर एका फेरीत १६० किलोंहून जास्त ओझं उतरतं. कुणी म्हणेल, कंपाउंडमध्ये लेट-ऑफ असतो की. असतो. कॅम वळून गेला की ओढ एकदम उतरते. ७५ टक्के लेट-ऑफ असेल तर ६० पाउंडांचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर १५ पाउंडांनीच धरावं लागतं. नेम निवांत धरता येतो तो त्यामुळेच. पण उताराआधी चढ असतो, आणि तो ७२ वेळा चढावा लागतो.

ही करामत ज्याच्या डोक्यातून निघाली तो मिसुरीचा हॉलेस विल्बर ॲलन. त्यानं धनुष्याच्या टोकांना चाकं लावून पाहिली, १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ च्या डिसेंबरात ते त्याला मिळालं. हजारो वर्षं जे धनुष्य जेवढं ओढाल तेवढं जड होत जायचं, ते शेवटच्या टप्प्यात हलकं होऊ लागलं. धनुर्धाऱ्यांनी त्यावर नाकं मुरडली. काही अजून मुरडतात. माझ्या वयाच्या लोकांना हे यंत्र धनुष्यापेक्षा सायकलच्या नात्यातलं वाटतं. मला त्यात कमीपणा दिसत नाही. आयुष्यभर यंत्रांवर पोट भरलेल्या माणसाला तो दिसणारही नाही.

आणि मराठी माणसाला तर मुळीच दिसू नये. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत सातारा जिल्ह्यातली अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली. अंतिम फेरीत तिनं मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९–१४७ असं हरवलं. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं पुरुषांचं विजेतेपद १५०–१४९ असं जिंकलं. दीडशे म्हणजे पंधराच्या पंधरा बाण पन्नास मीटरवरून आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात. दोघंही साताऱ्याला प्रवीण सावंतांच्या अकादमीत घडलेली. त्याआधी मे महिन्यात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं शांघायच्या विश्वचषकात डच दिग्गज माइक श्लोसरला एका गुणानं मागे टाकलं होतं. आमच्या मध्य प्रदेशातून जबलपूरची मुस्कान किरार २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकणाऱ्या महिला संघात होती; राज्याची तिरंदाजी अकादमी जबलपूरलाच आहे, भोपाळला नाही, हे इथल्या पालकांना जरा बोचतं. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार आलाय. म्हणजे येत्या काही वर्षांत घराघरांत ही धनुष्यं येणार, बरीचशी वापरलेली, कर्ज काढून घेतलेली, सोबत माहितीपत्रक नसलेली किंवा असलंच तर घरात कुणाला वाचता न येणारं.

त्या घरांसाठी ही पुस्तिका आहे. ती शैलीदार नाही. लेखकांनी राइजरला, लिंबाला, कॅमला संस्कृत प्रतिशब्द शोधले नाहीत याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मैदानावर पोरं जे बोलतात तेच छापलंय. पाउंडेज हा शब्द शुद्ध नसेल, पण "कर्षणभार" असा शब्द वापरून कुणी एलन की मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

तिसऱ्या प्रकरणातल्या एका सूचनेकडे मात्र मी बोट दाखवून पुढे जाणार आहे, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. बोल्ट किती फेरे बाहेर काढायचा याला प्रत्येक उत्पादकानं मर्यादा घातलेली असते, आणि ती मॉडेलप्रमाणे बदलते. त्या मर्यादेपलीकडे गेलात तर ज्या दोन-चार आट्यांवर सगळा ताण उभा आहे ते सुटतात आणि लिंब तोंडाच्या दिशेनं निघतो. मोजण्याची पद्धत साधी आहे. दोन्ही बोल्ट आधी आत टेकेपर्यंत हळुवार न्या, तिथे पेन्सिलीची किंवा रंगाची खूण करा, आणि मग तिथून बाहेर मोजत या. आधीच्या मालकानं कुठे सोडलं होतं त्यावर विसंबू नका. एका फेऱ्यात बहुतेक धनुष्यांत दोन-तीन पाउंड उतरतात, पण हा अंदाज आहे. खरा आकडा धनुष्याचा काटाच सांगतो, आणि काटा प्रत्येक क्लबात असायलाच हवा. वर अर्धा फेरा, खाली अर्धा, पुन्हा वर अर्धा, असं जायचं. वरचा एकदम दोन फेरे उघडून मग खालच्याकडे वळणाऱ्यांचे कॅम एकमेकांशी भांडायला लागतात. काम झालं की लॉकिंग स्क्रू परत आवळायचा. माझ्यासारखे लोक तो आधी विसरतात, बाकीचे नंतर.

पाउंडेज बदललं की बाणही बदलल्यासारखा वागतो. वाढवलं तर तोच बाण सुटताना जास्त लवतो, कमी केलं तर ताठरतो. खाली उतरवलं तर बाण लक्ष्यावर खाली लागणारच, साइट हलवावी लागणार, दोरीतल्या पीपची, म्हणजे नेमाच्या भोकाची, जागा पाहावी लागणार. नातीनं पहिल्या दिवशी ५० पाउंडांवर सहा बाण सोडले आणि सहाही तिसऱ्या-चौथ्या कड्याच्या खाली गेले. तिचं तोंड एवढंसं झालं. मैत्रिणींसमोर तिला आकड्याचीच लाज वाटत होती खरं तर. मुलांमध्ये हा आकडा दहावीच्या टक्क्यांसारखा झालाय; किती पाउंड मारतेस, हा पहिला प्रश्न. तिच्या प्रशिक्षकांनी काही समजावलं नाही. साइट खाली सरकवली आणि म्हणाले, मार.

लेखकांनी पुस्तिकेच्या शेवटी आठ पानं कोरी सोडली आहेत, रेघा मारून. तारीख, वरचे फेरे, खालचे फेरे, काट्यावरचा आकडा, शेरा. छपाईवाला म्हणाला होता की ती पानं काढली तर किंमत कमी होईल. त्यांनी काढली नाहीत. आमच्या घरच्या प्रतीत पहिली ओळ नातीच्या अक्षरात आहे: वर चार, खाली चार, ५०. शेऱ्याच्या रकान्यात तिनं लिहिलंय, "आजोबांना हात लावू देऊ नये."

जवाहर चौक, भोपाळ